परस्परसुसंगत चार्जिंग व्यवस्था (विद्युत वाहने)

कोणत्याही कंपनीचे विद्युत वाहन कोणत्याही कंपनीच्या चार्जरला लावता यावे, त्याचे पैसे ग्राहकाच्या हाती असलेल्या ॲपमधून देता यावेत आणि चार्जरच्या मालकाला तो हव्या त्या संगणकप्रणालीवरून चालवता यावा, अशा रीतीने उभारलेल्या चार्जिंगच्या जाळ्याला परस्परसुसंगत चार्जिंग व्यवस्था म्हणतात. विजेची उपलब्धता आणि दर पाहून हे जाळे चार्जिंगचा वेग कमी-जास्त करू लागले, की ते स्मार्ट चार्जिंग. दोन्ही शब्द सहसा जोडीने येतात, पण दुसरी गोष्ट पहिलीवर उभी असते. ज्या चार्जरशी बोलताच येत नाही, त्याला रात्री अकरानंतर सुरू हो असे सांगणार कोण? प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील व्यवस्थेचा विचार केला आहे.

गन आणि सॉकेट

जलद चार्जिंगच्या गनचे, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाला असलेल्या आणि गाडीत खोचायच्या जोडणीचे, जगात एकमत नाही. जपानने चाडेमो, चीनने जीबी/टी आणि युरोपने सीसीएस २ हा प्रकार स्वीकारला. अमेरिकेत सीसीएस १ आणि टेस्लाचा कनेक्टर अनेक वर्षे शेजारी शेजारी नांदले. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये टेस्लाने आपली रचना इतरांना खुली केली आणि पुढे तिला जे३४०० हा मानक क्रमांक मिळाला. युरोपीय संघाने २०१४च्या निर्देशातच सार्वजनिक चार्जरवर टाइप २ (साध्या एसी चार्जिंगची जोडणी) आणि सीसीएस २ (जलद डीसी चार्जिंगची) किमान असलेच पाहिजेत असे ठरवून टाकले, त्यामुळे तेथील वाद लवकर मिटला.

भारताची सुरुवात वेगळी झाली. २०१७मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने शासकीय कार्यालयांसाठी १०,००० विद्युत मोटारींची निविदा काढली. त्याच सुमारास भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ ही देशी चार्जरची विनिर्देशने तयार झाली. एसी-००१मध्ये प्रत्येकी ३.३ किलोवॉटचे तीन औद्योगिक सॉकेट होते. डीसी-००१ हा १५ किलोवॉटचा चार्जर. त्याची गन चिनी जीबी/टी धर्तीची आणि व्होल्टेज ४८ ते ७२च्या आसपासचे. महिंद्राच्या ई-व्हेरिटोची बॅटरी ७२ व्होल्टची असल्याने त्या वेळच्या गाड्यांना तो पुरेसा होता. पण जानेवारी २०२०मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या गाड्यांच्या बॅटऱ्या ३०० व्होल्टच्या पुढे होत्या आणि दोघींनी सीसीएस २ निवडले. देशाने मोठ्या हौसेने बसवलेला चार्जर तीन वर्षांत बाजारातील नव्या गाड्यांच्या उपयोगाचा राहिला नाही.

मधल्या काळात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने दोन निर्णय घेतले. एप्रिल २०१८मध्ये चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे स्पष्टीकरण दिले. त्यामुळे विद्युत अधिनियम २००३खाली परवाना न घेता कोणालाही केंद्र उघडता येऊ लागले. हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. तो नसता तर आजचे बहुतेक चार्जर उभेच राहिले नसते. दुसरा निर्णय डिसेंबर २०१८चा: प्रत्येक सार्वजनिक केंद्रात सीसीएस, चाडेमो, टाइप २ एसी, भारत डीसी-००१ आणि भारत एसी-००१ हे पाचही प्रकार असावेत. सर्वांना सामावून घेण्याचा हेतू चांगला होता, पण खर्च अवाच्या सवा वाढला आणि ज्या गनसाठी गाडीच नव्हती ती धूळ खात पडण्याची सोय झाली. ऑक्टोबर २०१९च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी निवड केंद्रचालकावर सोपवली. त्यानंतर मोटारींपुरता प्रश्न बाजारानेच सोडवला. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १७०१७ या मानकमालेतही टाइप २ आणि सीसीएस २ यांना स्थान मिळाले.

दुचाकींचा न सुटलेला प्रश्न

भारतात विकल्या जाणाऱ्या विद्युत वाहनांत बहुसंख्य दुचाकी आणि तीनचाकी असतात. सीसीएस २ची जाडजूड गन स्कूटरला बसत नाही, परवडतही नाही. त्यामुळे दुचाकी उत्पादकांनी आपापले कनेक्टर काढले आणि एका कंपनीचा रस्त्यावरचा जलद चार्जर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला निरुपयोगी ठरला. ऑगस्ट २०२१मध्ये बंगळूरच्या एथर एनर्जीने आपला कनेक्टर इतर उत्पादकांना खुला केला. हीरो मोटोकॉर्पने विडा या स्कूटरसाठी तो घेतला. याच रचनेला आधार मानून २०२३मध्ये मानक ब्यूरोने आयएस १७०१७ भाग २ विभाग ७ प्रसिद्ध केला. हलक्या वाहनांसाठी एसी आणि डीसी दोन्ही एकाच कनेक्टरमधून देणारे हे जगातील पहिले राष्ट्रीय मानक मानले जाते. त्याच्या घडणीत नीती आयोग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, वाहन उत्पादक आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय यांचा सहभाग होता.

मानक आले, पण सर्व उत्पादकांनी ते वापरावे अशी सक्ती त्याच्याबरोबर आली नाही. ही उणीव गंभीर आहे. दिवसभर पाठीवर पिशवी घेऊन फिरणारा डिलिव्हरी कामगार किंवा दूधविक्रेता यांनाच वाटेत वीस मिनिटांचे चार्जिंग सर्वाधिक लागते, आणि जाळे तुटक राहिल्याचा भुर्दंड त्यांनाच पडतो. व्यवहारात बहुतेक स्कूटर घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होतात. तो सॉकेट पूर्णतः परस्परसुसंगत आहे, पण त्याला कोणतीही सूचना कळत नाही.

गाडी आणि चार्जर यांचे बोलणे

टाइप २ गनमध्ये वीज वाहणाऱ्या तारांशिवाय कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते. तिच्यावर चार्जर १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की ते ९वर येते. गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६वर. गाडी जोडल्यावर चार्जर या तारेवर सेकंदाला १,००० ठोके सोडतो आणि प्रत्येक ठोक्याच्या रुंदीतून किती अँपिअर घेता येतील ते सांगतो. ठोका निम्म्या वेळेपुरता असेल तर मर्यादा ३० अँपिअर. ही रुंदी मध्येच बदलली तरी गाडी मुकाट्याने तेवढीच वीज घेते. म्हणजे साध्या एसी चार्जिंगमध्येही वेग कमी-जास्त करण्याची सोय पहिल्यापासून आहे; ती वापरण्यासाठी चार्जरला बाहेरून आज्ञा मिळायला हवी, एवढेच.

ठोक्याची रुंदी ५ टक्के ठेवली तर त्याचा अर्थ ‘आता संगणकी भाषेत बोलू’ असा होतो. सीसीएस २मध्ये पुढचे संभाषण याच तारेवरून डीआयएन ७०१२१ किंवा आयएसओ १५११८ या मानकांनुसार चालते. आयएसओ १५११८च्या २०१४च्या आवृत्तीत प्लग अँड चार्ज आले: गन लावताच गाडीतील डिजिटल प्रमाणपत्रावरून मालकाची ओळख पटते, कार्ड, ॲप काही लागत नाही. २०२२च्या भाग २०मध्ये गाडीतील वीज उलट जाळ्यात सोडण्याचीही तरतूद झाली. मात्र प्रमाणपत्रांच्या साखळीचे मूळ, म्हणजे ती देण्याचा अंतिम अधिकार, ज्याच्या हाती, तोच कोणाला आत घ्यायचे ते ठरवतो. ते मूळ एखाद्या वाहन कंपनीकडे गेले, तर गन सारखी असूनही दार बंद राहू शकते.

चार्जर आणि केंद्रीय प्रणाली: ओसीपीपी

२००९मध्ये नेदरलँड्समधील वीजवाहिनी कंपन्यांनी ई-लाड नावाची संस्था काढली. देशभर चार्जर बसवायचे होते आणि ते अनेक उत्पादकांकडून घ्यायचे होते. प्रत्येकाची संगणकभाषा निराळी असती, तर एका उत्पादकाच्या चार्जरला दुसऱ्याची प्रणाली जोडताच आली नसती. म्हणून संस्थेने ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल, म्हणजे ओसीपीपी, लिहिला आणि मोफत खुला केला. या विषयातील सर्वांत मोलाचा निर्णय कोणता असे विचारले, तर हाच.

ओसीपीपीचे संदेश समजायला सोपे आहेत. चार्जर चालू झाला की बूट नोटिफिकेशन, ठराविक वेळाने हार्टबीट, ग्राहकाने कार्ड लावले की ऑथोराइझ, दर थोड्या वेळाने मीटर व्हॅल्यूज. २०१५च्या १.६ आवृत्तीत सेट चार्जिंग प्रोफाइल हा संदेश आला आणि कोणत्या वेळी किती किलोवॉट द्यायचे याचे वेळापत्रक केंद्रीय प्रणालीतून चार्जरला पाठवता येऊ लागले. भारतात हीच आवृत्ती सर्वाधिक दिसते. तिच्यात संदेश सुरक्षित करण्याची पक्की व्यवस्था मुळात नव्हती, २०२०च्या २.०.१ आवृत्तीत ती आली. २०२४मध्ये ओसीपीपीला आयईसी ६३५८४ असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

येथे एक पळवाट आहे. ओसीपीपीत डेटा ट्रान्सफर नावाचा संदेश उत्पादकाला स्वतःच्या खास गोष्टी पाठवण्यासाठी मोकळा ठेवला आहे. काही चार्जरमधील महत्त्वाची कामे या संदेशात दडवलेली असतात. कागदावर चार्जर ओसीपीपीनुसार असतो. प्रत्यक्षात दुसऱ्या प्रणालीला जोडला की अर्धवट चालतो. म्हणूनच ओसीपीपी सांभाळणाऱ्या ओपन चार्ज अलायन्स या संस्थेचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष जोडणीची चाचणी यांना महत्त्व आहे.

रोमिंग आणि पैसे

नेदरलँड्समध्ये एकाच कार्डावर देशभरातील सार्वजनिक चार्जर वापरता येतात; यालाच रोमिंग म्हणतात. त्यामागे ओसीपीआय हा दुसरा खुला प्रोटोकॉल आहे. चार्जर चालवणारी कंपनी आणि ग्राहकाला सेवा विकणारी कंपनी या दोन भूमिका वेगळ्या मानून त्यांच्यात केंद्रांची ठिकाणे, दर, सत्रे आणि हिशेब यांची देवाणघेवाण त्यातून होते. युरोपीय संघाच्या एएफआयआर या पर्यायी इंधनांच्या पायाभूत सुविधांविषयीच्या नियमानुसार १३ एप्रिल २०२४पासून ५० किलोवॉट आणि त्यावरील नव्या सार्वजनिक चार्जरवर बँकेच्या कार्डाने पैसे देण्याची सोय सक्तीची झाली.

भारतात डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चार्जिंग केंद्राने ‘किमान एका’ ऑनलाइन सेवा पुरवठादाराशी जोडून घ्यावे असे म्हटले. परिणाम असा, की प्रत्येक जाळ्याचे ॲप निराळे, वॉलेट निराळे आणि प्रत्येकात अडकलेली थोडी थोडी शिल्लक निराळी. पुण्याहून कोल्हापूरमार्गे गोव्याला जाणाऱ्या कुटुंबाच्या फोनमध्ये चार-पाच ॲप असतात, ते याच कारणाने. ज्या देशात चहाच्या टपरीवर यूपीआयचा कोड लावलेला आहे, तेथे हे चालू राहावे याचे समर्थन करता येत नाही. डिसेंबर २०२२मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ईव्ही यात्रा हे पोर्टल व ॲप आणले. त्यातून केंद्रे शोधता येतात. बेकन या खुल्या प्रोटोकॉलवर आधारलेला युनिफाइड एनर्जी इंटरफेस हा पुढचा प्रयत्न. ओसीपीआयमध्ये दोन कंपन्यांना आधी आपसात करार करावा लागतो. येथे जाळ्यात आलेला कोणताही चार्जर कोणत्याही ॲपला दिसावा, अशी कल्पना आहे. सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये राखलेल्या केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत भेल या सरकारी कंपनीकडे सर्वांसाठी एक ॲप तयार करण्याचे काम आले आहे.

संख्येच्या बाजूने पाहता, २ फेब्रुवारी २०२४ रोजी देशात १२,१४६ सार्वजनिक केंद्रे चालू होती आणि त्यांत महाराष्ट्र ३,०७९ केंद्रांसह पहिला होता. राज्यात महावितरण ही नोडल, म्हणजे या कामाचा समन्वय करणारी, संस्था आहे.

वेळ आणि भार

स्मार्ट चार्जिंगचे गणित शहरातल्या सोसायटीत सर्वांत स्पष्ट दिसते. समजा वीस मोटारी आहेत आणि रात्री आठला सर्वांनी ७.२ किलोवॉटचे चार्जर लावले. एकत्रित मागणी १४४ किलोवॉट. त्याच वेळी लिफ्ट, पंप, एसी चालू. महावितरण किंवा बेस्टचे रोहित्र वाढवून घेण्याचा खर्च सोसायटीला नको असतो आणि परवानगीवरून भांडणे सुरू होतात. पण रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला साधारण ६ युनिट लागतात. वीस मोटारींचे १२० युनिट झाले. केवळ २० किलोवॉटची मर्यादा घालून तेवढाच भार आळीपाळीने वाटला, तरी दहा तासांत २०० युनिट देता येतात. सकाळी सर्व गाड्या तयार असतात आणि रोहित्र बदलावे लागत नाही. चार्जर पाच कंपन्यांचे असले तरी सर्वांना ओसीपीपी समजत असेल तरच हे जमते.

दिवसाची बाजूही आता बदलली आहे. सप्टेंबर २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सार्वजनिक केंद्रांना सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि उरलेल्या वेळी १.३ पट दराने मिळावी. कार्यालयांच्या वाहनतळावर दुपारी उभ्या असलेल्या गाड्यांना याचा मोठा उपयोग आहे. पण हा फरक ग्राहकाच्या बिलापर्यंत पोहोचायचा, तर ॲपला दर तासाचा दर कळला पाहिजे आणि रोमिंगमधूनही तो तसाच पुढे गेला पाहिजे.

चार्जर दहा वर्षे टिकतो. तो चालवणारी कंपनी तेवढी टिकेलच असे नाही. कंपनी बंद पडली की तिचा सर्व्हर बंद पडतो, आणि प्रणाली बंदिस्त असेल तर चांगले यंत्र लोखंडाचा खांब होऊन उभे राहते. महापालिका, एसटी महामंडळ आणि सोसायट्या यांनी खरेदीच्या करारातच चार्जरचा सर्व्हर पत्ता आणि प्रशासकीय पासवर्ड मालकाकडे राहील, ओसीपीपी प्रमाणपत्र जोडलेले असेल आणि दुसऱ्या प्रणालीवर तो चालवून दाखवला जाईल, अशा तीन अटी घातल्या तर यंत्र तेच ठेवून चालक बदलता येतो.