कर्मचारी विकास आणि साहेबांचा पाठिंबा

कामगाराला नवं काम शिकवलं आणि वरच्या माणसाने त्याला सांभाळून घेतलं तर कंपनीबद्दल त्याचं मन कसं बनतं, याचा विचार या विषयात होतो. ट्रेनिंग म्हणजे काय हे ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वेगळं सांगायला नको.

ही कल्पना नेमकी कुठून आली यावर मात्र एकमत नाही. बरीच पुस्तकं शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यापासून (१९२४–३२) सुरुवात करतात, लक्ष दिलं की माणसं जास्त काम करतात असा तिथल्या प्रयोगांचा अर्थ लावला गेला, पण रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडणाऱ्या मुलींच्या छोट्याशा गटातल्या दोघींना फार बोलतात म्हणून मध्येच बदललं होतं आणि पगाराची पद्धतही बदलली होती, १९६७ मध्ये ॲलेक्स कॅरी यांनी यावरच बोट ठेवलं. त्यामानाने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन ट्रॅक्टर-ट्रक कंपनीच्या फोरमनांवरचा १९५५ चा अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लीशमन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की ट्रेनिंगहून परतलेला फोरमन हाताखालच्यांशी कसा वागणार हे वर्गात काय शिकवलं त्यापेक्षा त्याचा स्वतःचा साहेब कसा आहे यावर जास्त ठरतं.

समजा रबाळ्यात सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स करून आलेला पोरगा सेटिंगची नवी पद्धत सांगायला गेला आणि सुपरवायझर म्हणाला, "ते क्लासमध्ये, आधी माल काढ." दोन-तीनदा असं झालं की पोरगा गप्प बसतो, सर्टिफिकेट घेऊन दुसरीकडे इंटरव्ह्यूला जातो.

कंपनीला आपली किंमत आहे का, काळजी आहे का, हे मोजायला मानसशास्त्रज्ञ आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ३६ प्रश्नांची यादी काढली; मागचा विचार देवाणघेवाणीचा, म्हणजे कोणी आपलं भलं केलं की आपणही परतफेड करतो हा, समाजशास्त्रज्ञ गोल्डनर (१९६०) आणि ब्लाउ (१९६४) यांचा. १९८८ मध्ये तसेच प्रश्न कंपनीऐवजी सुपरवायझरबद्दल विचारले गेले, आणि ते बरोबरच, कारण कामगाराला कंपनी भेटते ती साहेबाच्या रूपात.

मायर आणि ॲलन (१९९१) कंपनीत टिकण्याची तीन कारणं मानतात: मनापासून, सोडलं तर नुकसान म्हणून, किंवा थांबायला हवं असं वाटतं म्हणून. ट्रेनिंगनंतर आयटीवाले जो बॉन्ड लिहून घेतात त्यातून दुसरं कारण पक्कं होतं, पहिलं नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये शेठच मशीनपाशी उभा राहून शिकवत असेल तर शिकवणारा आणि साहेब एकच, तिथे या दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजताच येत नाहीत.