ईसीजी नॉर्मल, म्हणजे पित्तच?

मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर कुणाच्या छातीत दुखलं की निदान तिथंच होतं: "काल तांबडा रस्सा जास्त झाला, सोडा पी." फार तर ईसीजी काढतात. तो नॉर्मल आला की गडी परत कट्ट्यावर. हा समज जुना आहे, आणि चुकीचा.

ईसीजी ही हृदयातल्या विजेच्या लहरींची फक्त त्या घडीची नोंद. अटॅक सुरू असतानाही पहिला ईसीजी साफ दिसू शकतो. म्हणून रक्तातलं ट्रोपोनिन बघतात. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं, पण लगेच नाही. जुन्या तपासणीत ते दिसायला 3 ते 6 तास लागायचे. आताची हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी लवकर पकडते, तरी दुखू लागल्यावर अर्ध्या तासात घेतलेल्या एकाच नमुन्यावर भागत नाही. 1 ते 3 तासांनी दुसरा घेतात. "परत रक्त कशाला, बिल वाढवायला?" अशी नातेवाइकांची कुरकुर होते ती इथंच. पण खरी गोष्ट त्या दोन आकड्यांच्या फरकात असते: चढतोय की तिथंच आहे?

आकडा वाढला म्हणजे अटॅकच, असंही नाही. किडनीचा जुना आजार, फुफ्फुसातली रक्ताची गुठळी यांतही तो वाढतो. उलट दोन्ही नमुने नॉर्मल येऊनही अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असू शकतो; जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती आवळत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि सोड्यानं ढेकर येऊन बरं वाटलं, यावरून हृदयाबद्दल काहीच ठरत नाही.