केकचे सपाट थर

थरांच्या केकसाठी सारख्या जाडीचे, वरून सपाट आणि कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे शिजलेले केक भाजण्याची पद्धत. थर उंचसखल असले की मधले क्रीम एका बाजूला जमते आणि वरचा थर घसरतो. आयसिंग जाड लावून हा दोष झाकत नाही, उलट वजन वाढून घसरण वाढते.

बहुतेक वेळा अडचण मधल्या फुगवट्याची असते. टिनच्या धातूला लागून असलेले मिश्रण आधी तापते. तिथली अंडी आणि मैद्यातले पिष्ट लवकर घट्ट होऊन कड फुगायची थांबते. मध्य अजून पातळच असतो, त्यामुळे बेकिंग पावडरचा वायू त्याला वर ढकलत राहतो आणि शेवटी माथा तडकतो. ओव्हन जितका कडक, तितका फुगवटा मोठा. म्हणून 180 अंशांऐवजी 160 अंशांवर पाच-सात मिनिटे जास्त भाजावे. काळ्या टिनपेक्षा फिकट रंगाचे, सरळ भिंतीचे ॲल्युमिनियमचे टिन बरे. त्याहून उपयोगी उपाय म्हणजे जुन्या सुती टॉवेलची टिनच्या उंचीएवढी पट्टी भिजवून, पिळून टिनभोवती सेफ्टी पिनने आवळणे. पट्टी ओली असेपर्यंत टिनची भिंत 100 अंशांच्या फार वर जात नाही. पट्टी ओव्हनच्या रॉडला मात्र टेकता कामा नये.

उलट मध्य खचला असेल, तर बेकिंग पावडर जास्त पडली, केक कच्चा निघाला किंवा ओव्हनचे दार लवकर उघडले असे समजावे.

थर सारखे होण्यासाठी अंदाज कामाचा नाही, वजनकाटाच लागतो. ब्रिटिश घरांतल्या व्हिक्टोरिया स्पंज या दोन थरांच्या साध्या केकचा हिशेब अंड्यांच्या वजनावर चालतो: फोडलेली अंडी 200 ग्रॅम (साधारण चार), तर बिनमिठाचे बटर, बारीक साखर आणि मैदा प्रत्येकी 200 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 सपाट चहाचे चमचे आणि दूध 2 मोठे चमचे. भांड्याला चिकटलेले सोडून 20 सेंमीच्या दोन टिनांत प्रत्येकी सुमारे 410 ग्रॅम मिश्रण येते. 15 सेंमीच्या टिनांना हेच प्रमाण निम्म्याहून थोडे जास्त पुरते. टिनच्या तळाला बटर पेपर घालावा आणि मिश्रण कडेला किंचित चढते, मध्ये खोलगट राहील असे पसरावे.

लहान ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) दोन टिन शेजारी मावत नाहीत. वर-खाली ठेवले तर वरच्याचा माथा आणि खालच्याचा तळ करपतो, त्यामुळे एकामागून एक भाजणे चांगले. अंड्या-बटरचे मिश्रण तेवढा वेळ फ्रिजमध्ये थांबते, दही-सोड्याचे एगलेस मिश्रण थांबत नाही. सोडा दह्यात पडताच वायू सुटू लागतो, म्हणून दुसऱ्या टिनसाठी कोरडे-ओले वेगळे ठेवून ऐनवेळी मिसळावे. केक एकाच बाजूला उतरता होत असेल तर दोष पाककृतीचा नसून ओट्याचा असू शकतो. अनेक ओट्यांना सिंककडे उतार दिलेला असतो. जाळीवरच्या रिकाम्या टिनमध्ये बोटभर पाणी घातले की तो लगेच दिसतो. ओटीजीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की काम भागते.

फुगवट्याचा प्रश्नच टाळणाऱ्या पद्धतीही आहेत. बुडापेस्टच्या योझेफ डोबोशच्या 1880च्या दशकातल्या केकचे पातळ थर वेगवेगळे पसरून भाजतात. गोव्याच्या बेबिंकात वरून विस्तव देऊन आधीच्या थरावर पुढचा ओततात. प्रत्येक थर पातळ असल्याने तो सपाटच बसतो.

तरीही राहिलेला उंचवटा केक पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून कापावा. गरम केकचा चुरा होतो. सगळीकडे एकाच उंचीवर टूथपिक खोचाव्यात, दातेरी सुरीने आधी केक फिरवत कडेने सेंटिमीटरभर खाच पाडावी आणि मग आत जावे. सर्वांत वरचा थर उलटा ठेवावा. टिनच्या तळाची बाजू सर्वांत सपाट असते आणि कापलेली, चुरा सुटणारी बाजू खाली मधल्या क्रीमवर बसते.