शोकेसमधील शंखांवरची पांढरी पूड

चवथीच्या पंधरा दिवस आधी फोंडा तालुक्यातील आमच्या घरी वर्षाची मोठी साफसफाई निघते आणि तीत सर्वांत शेवटी हात लागतो तो सोप्यावरच्या काचेच्या शोकेसला. आजोबा बोटीवर नोकरीला असताना त्यांनी बंदराबंदरांतून आणलेल्या चिनी मातीच्या बाहुल्या, पितळेचे दोन हत्ती, सावंतवाडीची लाकडी फळे, आखातातून सुट्टीवर येणाऱ्या काकांनी दिलेला चकचकीत उंट आणि आम्ही मुलांनी मिरामार व कोलव्याच्या वाळूतून वेचलेले शंख-शिंपले असा तीन पिढ्यांचा ऐवज तिच्यात आहे. यंदा त्या शंखांवर पिठासारखी पांढरी पूड दिसली. घरात सर्वांनी ती पावसाळी बुरशी ठरवून कोरड्या फडक्याने पुसली, आणि दोन आठवड्यांत ती पुन्हा आली. घरातील धाकट्या पिढीला शोकेसच नको आहे. भिंती मोकळ्या असाव्यात, फळ्यांवर काही नसावे, असे तिचे म्हणणे आहे. त्यामुळे ही पूड म्हणजे त्या पक्षाला मिळालेला पुरावाच होता. पूड कशाची, हे शोधण्याच्या निमित्ताने मला या जुन्या वादाकडे थोडे निराळे पाहता आले.

ती बुरशी नव्हती. शंख हा मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा, बनलेला असतो आणि चुनखडी आम्लापुढे टिकत नाही. लाकडातून, विशेषतः प्लायवुडमधून आणि त्याच्या थरांना जोडणाऱ्या डिंकातून, अ‍ॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लांची वाफ अतिशय सावकाश, परंतु वर्षानुवर्षे बाहेर पडत राहते. उघड्या खोलीत ती विरून जाते. बंद काचेच्या कपाटात मात्र ती साचते आणि हवेत ओल असली की शंखाच्या पृष्ठभागावर कॅल्शियमचे अ‍ॅसेटेट व फॉर्मेट हे क्षार तयार होऊन पांढऱ्या पुडीच्या रूपाने वर येतात. लॉफ्टस बाइन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८९९ साली या प्रकाराचे वर्णन केले. संग्रहातील एका शंखापासून दुसऱ्याला लागण होत असावी आणि त्यामागे जिवाणू असावेत, अशी त्याची समजूत होती. ती समजूत पुढे चुकीची ठरली, तरीही या प्रकाराला आजही ‘बाइनचा रोग’ असेच म्हणतात. थोडक्यात, ज्या कपाटात शंख जपून ठेवले तेच कपाट त्यांना खात होते, आणि वाळूत पडून राहिले असते तर कदाचित ते अधिक टिकले असते.

पितळेच्या हत्तींची कथा याहून वेगळी आहे आणि ती गोव्यातील प्रत्येक घराला ठाऊक आहे, कारण समई, लामणदिवा आणि तांब्या घासण्यात इथल्या बायकांच्या पिढ्या गेल्या आहेत. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. साध्या मिठाचा गुण असा की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अंगावर घेणाऱ्या प्रदेशात ही मर्यादा दिवसचे दिवस ओलांडलेली असते. पितळेवर बसलेला मिठाचा कण अशा वेळी खारट पाण्याचा न दिसणारा थेंब होतो आणि त्यातील क्लोराइड तांब्याशी व जस्ताशी खेळ सुरू करते. चिंच किंवा बिंबली चोळली की काळपट थर जातो, कारण चिंचेतील टार्टारिक आणि बिंबलीतील ऑक्झॅलिक आम्ल तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवते. परंतु प्रत्येक घासणीत थोडा धातूही जातो, आणि आम्ल नीट धुतले नाही तर आठवड्याभरात हत्ती पूर्वीपेक्षा लवकर काळवंडतो. ज्या कलाकुसरीमुळे हत्ती देखणा दिसतो तिच्या खाचा-कंगोऱ्यांतच मीठ, धूळ आणि उरलेली चिंच अडकून बसते. कोरीव वस्तूचा पृष्ठभाग तेवढ्याच आकाराच्या गुळगुळीत वस्तूपेक्षा कितीतरी अधिक असतो, ही भूमिती पुसणाऱ्याच्या मनगटाला फार लवकर कळते.

धुळीबद्दल मात्र शोभेच्या वस्तूंवर थोडा अन्याय होतो. दमा आणि सर्दीची अ‍ॅलर्जी ज्यांच्यामुळे बळावते ते धुळीतील माइट हे जीव जेमतेम पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर लांबीचे असतात आणि आपल्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, तर शरीरातील एका ग्रंथीतून खारट द्रव बाहेर सोडून त्याच्याकरवी हवेतील ओल शोषून घेतात, म्हणजे पितळेवरच्या मिठाचीच युक्ती ते पोटासाठी वापरतात. साहजिकच कोकण-गोव्याचा पावसाळा त्यांना मानवतो. पण त्यांची वस्ती गादी, उशी, सोफ्याचे कापड आणि मुलांची केसाळ खेळणी यांत असते, चिनी मातीच्या बाहुलीवर त्यांना ना निवारा मिळतो ना ओलावा. शोकेस रिकामी करून कापडी अस्वलांची रांग पलंगावर तशीच ठेवणाऱ्या घराने सफाई केली असे आरोग्यशास्त्र म्हणणार नाही.

वस्तूंना हवा काय करते ते असे सांगता येते. वस्तू माणसाला काय करतात, हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि इथे मोकळ्या भिंतींच्या पुरस्कर्त्यांकडून एक संशोधन वारंवार पुढे केले जाते. अमेरिकेत लॉस एंजेलिस इथे डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेट्टी यांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना स्वतःचे घर फिरून दाखवत त्याचे वर्णन करायला सांगितले आणि पुढे काही दिवस त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे शब्द अधिक होते, त्यांच्यात सकाळी चढून संध्याकाळपर्यंत उतरणारी कॉर्टिसॉलची नेहमीची घसरण सपाट झालेली आढळली. पसाऱ्यामुळे ताण आला की ताणामुळे घर पसाऱ्यासारखे वाटले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. संशोधकांनी जे शब्द टिपले त्यांत ‘अर्धवट’ हा शब्द होता. मराठीत आपण मांडणी, पसारा आणि अडगळ या तीन गोष्टी वेगळ्या ओळखतो. न भरलेले वीजबिल, इस्त्रीची वाट पाहणारे कपडे, मुलाची अपुरी प्रकल्पवही हा पसारा, कारण त्यातील प्रत्येक वस्तू आपल्याकडे काहीतरी मागते. माळ्यावरचा मोडका पंखा ही अडगळ. पितळी हत्ती काहीही मागत नाही, निदान चवथीपर्यंत तरी. सगळ्यांना एकाच तराजूत घालून ‘सामान कमी करा’ असा सल्ला देणे म्हणजे ताप कोणताही असो, एकच गोळी देणे आहे.

डोळ्यांसमोर खूप वस्तू असल्या की लक्ष विभागते, हे मात्र खरे आहे. दृष्टिक्षेत्रातील वस्तूंमध्ये मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशींसाठी अक्षरशः स्पर्धा चालते आणि एका वस्तूकडे पाहायचे तर बाकीच्यांना दाबून ठेवावे लागते. अमेरिकेतील टोलीडो विद्यापीठात ३६ लहान मुलांवर केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग मला यात सर्वांत बोलका वाटतो. मुलांसमोर १६ खेळणी ठेवली तेव्हा ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली, आणि चारच ठेवली तेव्हा एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. अभ्यासाच्या टेबलासमोरची फळी रिकामी ठेवावी, हे मी यावरून मान्य केले आहे.

पण सोप्यावरची शोकेस हे अभ्यासाचे टेबल नव्हे, आणि रोज समोर असलेली वस्तू लक्ष वेधत राहते असेही नाही, कारण तिच्या बाबतीत सवय आडवी येते. सवयीची यंत्रणा मज्जापेशींच्या पातळीवर ज्याने उलगडून दाखवली तो एरिक कॅन्डेल. २००० सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. त्याने प्रयोगासाठी निवडलेला प्राणी ‘अ‍प्लिझिया’ नावाची समुद्री गोगलगाय होता. शंख बांधणाऱ्या प्राण्यांच्याच गोतावळ्यातील असूनही अंगात केवळ एक पातळ शिंपला लपवून फिरणारा हा जीव आहे, म्हणजे आमच्या शोकेसमधील मंडळींचा बिनसामानी भाऊबंद. त्याच्या अंगावरील सोंडेसारख्या नळीला हलकेच स्पर्श केला की तो कल्ला आत ओढतो, परंतु निरुपद्रवी स्पर्श वारंवार होऊ लागला की पेशींच्या जोडांवर संदेशद्रव्य कमी कमी सुटते आणि तो दखल घेणे सोडून देतो. माणसाचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा आहे, तरी तत्त्व तेच लागू होते. पाहुण्याने विचारले म्हणून कपाटातील तिसऱ्या फळीवर काय आहे ते डोळे मिटून सांगण्याचा मी प्रयत्न केला आणि सातांपैकी दोन वस्तू मला सांगता आल्या. त्या सातही वस्तू दर वर्षी मीच पुसते.

मग न दिसणारी वस्तू टाकून देताना जीव का तुटतो? डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले. ज्यांना मग मिळाले ते सुमारे सव्वापाच डॉलरखाली विकायला तयार नव्हते आणि ज्यांना मिळाले नाहीत ते अडीच डॉलरच्या आसपासच देऊ करत होते. काही मिनिटांच्या मालकीने एका कपाची किंमत दुप्पट होत असेल, तर आजोबांच्या बाहुलीचे गणित मांडायलाच नको. शिवाय अशी वस्तू आठवणीची खुंटी असते, तिच्या आधाराने एरवी न आठवणारा प्रसंग वर येतो. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांना जिव्हाळ्याच्या वस्तूंचा आधी फोटो काढून मग त्या दान करायला सुचवले, तेव्हा ६१३ वस्तू जमल्या, आणि नुसतेच आवाहन केले तिथे ५३३. फरक लहान आहे, पण उपाय फुकट आहे. ज्यांना मात्र कशाचाच त्याग करणे असह्य होते आणि घरात चालायला वाट उरत नाही, त्यांची गोष्ट निराळी. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात साठवणुकीचा विकार हे स्वतंत्र निदान आहे आणि अशा माणसाला टोमण्यांची नव्हे, उपचारांची गरज असते. शोकेस भरलेली आहे म्हणून आजीला त्या रांगेत बसवू नये.

मोकळ्या भिंती आणि भरलेली शोकेस यांच्यामधली वाट आपल्याकडे कोणी शास्त्र म्हणून नव्हे, तर रीत म्हणून आखलेली आहे, ती म्हणजे माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, काकड्या आणि रानातून शोधून आणलेली फळे व पाने टांगली जातात. जगातल्या कोणत्याही शोकेसइतकी ही मांडणी गच्च असते, तरी तिची कोणाला सवय होत नाही, कारण दीड किंवा पाच दिवसांत ती उतरते आणि चौकट वर्षभरासाठी माळ्यावर जाते. मोठी संग्रहालयेही आपल्या संग्रहाचा लहानसा भागच एका वेळी मांडतात. यंदा आम्ही तोच प्रकार केला. शोकेसमध्ये नऊच वस्तू ठेवल्या आणि उरलेल्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यांत घातल्या, म्हणजे दिवाळीला त्यांची पाळी येईल. शंख साध्या पाण्यात भिजवून, सावलीत पूर्ण वाळवून प्लायवुडपासून दूर, उघड्या काचेच्या वाडग्यात ठेवले. गेलेली झिलई परत येत नाही. त्यांच्यात प्रवाळाचा एक तुकडाही निघाला. तो कोणी, केव्हा आणला ते कोणालाच आठवेना. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, त्यामुळे लहान भाचरांना पुढील फेरीत काय वेचायचे नाही हे दाखवायला तो उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी शोकेससमोर थांबली. गेली कित्येक वर्षे ती त्या फळीवरून नजर न टाकता जात आली आहे. “कोपऱ्यातला तो पांढरा शंख कुठे ठेवलास गो?” तिने विचारले. येवगेनी सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सवयीचे स्पष्टीकरण देताना म्हटले होते की मेंदू परिचित परिसराचा एक नमुना मनाशी बाळगतो आणि जे त्याच्याशी जुळते त्याची दखल घेत नाही. म्हणूनच ठरावीक अंतराने वाजणारा आवाज नेमका एकदा वाजला नाही, तर कान टवकारले जातात. मी वाडग्यातून शंख काढून तिच्या हातात दिला. फळीवर त्याच्या बुडाएवढे गोल वर्तुळ उरले होते. तेवढ्या जागी प्लायवुडचा मूळ रंग तसाच होता, भोवतीचा मात्र उन्हाने उडाला होता.