महासागरांवरचा हवेचा दाब आणि दूरदेशीचा पाऊस

ग्रीनलंडमध्ये हिवाळा सौम्य गेला की डेन्मार्क गारठतो, आणि डेन्मार्कमध्ये सौम्य गेला की ग्रीनलंड. हान्स एगेडे साबी या मिशनऱ्याने 1770 च्या दशकात हे टिपून ठेवले, तेव्हा त्यामागचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. महासागरांवरच्या दाबाचा दूरच्या हवामानाशी संबंध कसा, या विषयाचा पुढचा इतिहासही बराचसा असाच आहे: आधी नोंदी, मग आकडेमोड, आणि कारण सर्वांत शेवटी.

1881 मध्ये फ्रान्सचे हवामानशास्त्रज्ञ तेसराँ द बोर यांनी युरोपातल्या विचित्र हिवाळ्यांचा संबंध अझोर्स बेटांजवळचा जास्त दाब आणि आइसलँडजवळचा कमी दाब यांच्या जागेशी लावला. पण खरा विस्तार झाला तो भारतातल्या दुष्काळांमुळे. 1877 आणि 1899 मध्ये पावसाने दगा दिला, लाखो माणसे मेली, आणि मोसमी पावसाचा अंदाज वर्तवणे ही सरकारची निकड झाली. 1904 मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. संगणक नसलेल्या काळात ही सगळी आकडेमोड माणसांनी हाताने केली. त्यातून 1920 च्या दशकात तीन मोठी आंदोलने, म्हणजे दाबाचे झोके, हाती आली: उत्तर अटलांटिकवरचे, उत्तर पॅसिफिकवरचे आणि दक्षिणी आंदोलन. शेवटच्यात पूर्व पॅसिफिक आणि हिंदी महासागर तराजूच्या दोन पारड्यांसारखे वागतात: एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो. कार्यकारणाचा दुवा नाही म्हणून वॉकर यांच्यावर टीका झाली. तो दुवा 1969 मध्ये हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी दिला: दाबातल्या फरकामुळे व्यापारी वारे वाहतात, वारे समुद्राचे उबदार पाणी पश्चिमेला लोटतात, आणि त्या पाण्याची जागा बदलली की दाबही बदलतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याच्या पुढची गोष्ट. जास्त आणि कमी दाबाची ही केंद्रे दशकानुदशके एकाच ताकदीची राहत नाहीत. 1976-77 च्या सुमारास उत्तर पॅसिफिकवरचा, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपाशी असणारा कमी दाब एकदम आणखी खाली गेला आणि अलास्काचे हिवाळे ऊबदार झाले. उत्तर अटलांटिकवर 1960 च्या दशकात अझोर्स आणि आइसलँड यांच्या दाबातला फरक क्षीण होता. 1990 च्या सुमारास तो इतका वाढला की जोरदार पश्चिमी वाऱ्यांनी उत्तर युरोपाला ओले, उबदार हिवाळे दिले आणि भूमध्य सागराचा बराच भाग कोरडा पडला. पुढे 2009-10 च्या हिवाळ्यात हाच फरक जवळपास नाहीसा झाला आणि युरोप गोठला.

काही बदल मात्र माघारी फिरलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात 1970 च्या दशकापासून थंडीतला पाऊस घटला, कारण उपोष्ण कटिबंधातला जास्त दाबाचा पट्टा बळावला आणि पाऊस आणणाऱ्या प्रणाली दक्षिणेकडे सरकल्या. पाऊस सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला, पण पर्थच्या धरणांत येणारे पाणी निम्म्यावर आले: तहानलेली जमीन आधी स्वतः पाणी पिते, उरलेच तर नदीला देते. 2006 मध्ये शहराने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. या घटीत नैसर्गिक चढउताराचा वाटा आहेच, पण हरितगृह वायूंचाही आहे.

पॅसिफिकच्या बाबतीत वाद अजून मिटलेला नाही. पृथ्वी तापेल तसे विषुववृत्तावरचे वॉकर अभिसरण, म्हणजे पॅसिफिकवर पूर्व-पश्चिम फिरणारे हवेचे चक्र, मंदावेल, असे हवामानाची बहुतेक संगणकीय प्रारूपे सांगतात. 1990 नंतरची दोन दशके मात्र ते उलट बळकट होत गेले.