गावरान कोंबडीच्या पायाची लांबी : आनुवंशिक बाजू

कोंबडीचा पाय लांब म्हणजे नेमकं काय लांब, हे आधी ठरवावं लागतं. मांडी आणि तंगडी पिसांत झाकलेली, बाहेर दिसते ती खवल्यांची नळी, पोल्ट्रीवाले तिला शँक म्हणतात. तिच्या वरचा सांधा उलट्या वाकलेल्या गुडघ्यासारखा दिसतो पण तो घोटा आहे, खरा गुडघा वर पिसांत दडलेला. मोजतात ती ही नळीच.

नाशिककडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर दारात फिरणारी गावरान कोंबडी ही कुठल्या एका जातीची नसते. शेजारच्या नवापूर-डांग पट्ट्यातली बुसरा मात्र नोंदलेली जात आहे. देशी जातींत उंच पायाची असील, आणि निकोबारी इतकी आखूड पायाची की तिचं तिथलं नावच आखूड पायांवरून पडलंय.

आखूडपणाचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं कारण म्हणजे क्रीपर जनुक. लँडाउअर आणि डन यांनी 1930 मध्ये त्याची आनुवंशिकता सविस्तर मांडली. जनुक प्रभावी आहे, म्हणजे आईबापातल्या एकाकडून आलं तरी पाय आखूड होतात, पण दोघांकडून आलं तर गर्भ बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांतच मरतो. खुडूक कोंबडीखाली अशा आखूड पायाच्या जोडीची बारा फळलेली अंडी ठेवली तर हिशेबाने तीन जातात, सहा पिल्लं आखूड आणि तीन नेहमीच्या पायांची निघतात, आणि गेलेली तीन अंडी उजेडात धरली तरी जवळपास रिकामीच दिसतात म्हणून लोक वांझ समजून फेकतात आणि दोष उगाच कोंबड्यावर येतो. 2016 मध्ये चीनच्या शिंगयी बँटममध्ये कारण सापडलं, कूर्चेच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयएचएच जनुकाच्या जागेवरचा डीएनएचा 11,896 बेसचा (अक्षरांचा) तुकडाच गळालेला. जपानची चाबो ही आखूड पायाची जात साधारण 17 व्या शतकात तिथे पोचली असावी, काही जण नावाचा संबंध व्हिएतनामकडच्या चंपाशी लावतात, पण नुसत्या नावावरून मूळ ठरवणं फार भरवशाचं नाही.

दुसरं जनुक बुटकेपणाचं, झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचं. कोंबडीत झेड एकच असल्याने तिला एक प्रत पुरते, कोंबड्याला दोन लागतात. वाढीच्या संप्रेरकाचा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) बिघडतो, त्यामुळे नळीबरोबर अंगही लहान राहतं.

लांब पायाला मात्र असं एकच जनुक नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, चौथ्या गुणसूत्रावरचा एलकॉर्ल जनुकाजवळचा भाग बऱ्याच अभ्यासांत पुढे येतो, शिवाय वजनाशी घट्ट नातं आणि लहानपणीच्या खाद्याचाही परिणाम. नळीचा पिवळा रंग याहून सोपा, एका जनुकाचा, आणि 2008 च्या संशोधनानुसार तो करड्या रानकोंबड्याकडून आला, आपल्या सह्याद्रीत आरवतो तोच.

हैदराबादला परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराजा कोंबडीच्या नरवंशात, म्हणजे तिचे बाप जिथून येतात त्या वंशात, सहाव्या आठवड्याची नळीची लांबी पाहूनच निवड केली गेली, कारण उंच पायाचा पक्षी मोकळ्यावर चरताना मुंगूस-कुत्र्यापासून लवकर निसटतो. गावात बहुतेक उलटं होतं, सगळ्यात उंच वाढलेला कोंबडा आधी बाजारात जातो आणि पैदाशीला राहतो तो मागे पडलेला.