उपवासकाळ व ईस्टर (मुंबई)

येशू ख्रिस्ताचे दुःखसहन, क्रुसावरील मृत्यू व पुनरुत्थान यांच्या स्मरणार्थ पाळला जाणारा प्रायश्चित्ताचा काळ आणि त्याच्या अखेरीस येणारा सण. मुंबईत गोवेकर, मंगळुरी, केरळी, तमिळ अशा अनेक मंडळ्या तो आपापल्या परीने पाळतात; प्रस्तुत नोंद मुख्यतः मराठीभाषक ख्रिस्ती मंडळ्यांपुरती आहे.

उपवासकाळ राखेच्या बुधवारी, म्हणजे कपाळाला राख लावण्याच्या दिवशी, सुरू होतो; तेव्हापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. रविवारी उपवास नसल्याने सहा रविवार वगळून चाळीस उरतात. हे चाळीस आले कोठून, याविषयी दोन मते आहेत. ईस्टरपूर्वीचा एकदोन दिवसांचा जुना उपवास वाढत जाऊन चाळीसवर पोहोचला, हे पहिले मत. ईजिप्तमध्ये ६ जानेवारीनंतर, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर, त्याच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासाला अनुसरून, चाळीस दिवसांचा स्वतंत्र उपवास होता व तो पुढे ईस्टरला जोडला गेला, हे दुसरे. दुसऱ्या मताचा मुख्य आधार बऱ्याच उत्तरकालीन कॉप्टिक (ईजिप्तमधील ख्रिस्ती) परंपरेचा आहे. त्यामुळे दोन प्रवाह चौथ्या शतकाच्या सुमारास एकत्र आले असावेत, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरते. बुधवारपासूनचे चार दिवस मागाहून, बहुधा सहाव्या-सातव्या शतकात, रोममध्ये जोडले गेले.

ईस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी येते, असे ढोबळपणे सांगतात. हा नियम इ. स. ३२५ च्या निकीया येथील बिशपांच्या परिषदेने घालून दिला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. परिषदेचा आग्रह सर्वांनी एकाच रविवारी सण करावा एवढाच होता, गणिताचे तपशील नंतरचे. शिवाय चर्चची पौर्णिमा कोष्टकातली असते, आकाशातली नव्हे, आणि संपातही २१ मार्च हा ठरीव धरतात. २०१९ साली होळीची पौर्णिमा संपातानंतर काही तासांनी आली, तरी कोष्टकात ती २० मार्चला पडल्याने ईस्टर महिनाभर पुढे, २१ एप्रिलला गेला आणि गुड फ्रायडे व हनुमान जयंती १९ एप्रिलला एकत्र आल्या. उलट २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, होळीच्या दिवशीच, २४ मार्चला होता. ईस्टर २२ मार्चच्या आधी किंवा २५ एप्रिलनंतर येत नाही.

मुंबई-साष्टी भागात ही व्रते पोर्तुगीज अमलात, १५३४ नंतर रुजली. उपवासकाळात जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराण या मराठी ओवीबद्ध काव्यातील दुःखसहनाच्या ओव्या साष्टीत गात असत, या विधानाचा संबंध काही लेखक मुंबईशी जोडतात. पण ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला; ती साष्टी गोव्यातली. नावसाधर्म्यामुळे झालेला हा घोटाळा असावा. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई घेतल्यावरही गावठाणांतील भक्ती टिकून राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर गावठाणांत बरेच क्रूस उभे राहिले. सामुदायिक प्रार्थनांसाठी लोक आजही या क्रुसांपुढे जमतात.

राखेच्या बुधवारची राख गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्यांची असते. घरच्या देव्हाऱ्यात वर्षभर खोचून ठेवलेले, वाळून पिवळे पडलेले झावळीचे क्रूस चर्चमध्ये परत आणून देतात. ते जाळून, राख चाळून बुधवारी कपाळाला लावतात. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवशी १८ ते ५९ वयाच्या व्यक्तींनी एकदाच पोटभर जेवावे. मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागतो. मासळीला मात्र त्यात बंदी नाही. गोराई-मनोरीच्या कोळ्यांना अशा नियमाने त्याग तो काय घडणार! म्हणून आवडीची वस्तू किंवा दारू सोडणे हेच येथे खरे व्रत मानले जाते. या काळात लग्ने सहसा टाळतात.

पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्सेत (मुख्य उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत झाले, की चर्चच्या घंटा थेट ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत मुक्या राहतात. मधल्या काळात लाकडी खटखट्या वाजवतात. याच मिस्सेत धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्यांत स्त्रियांनाही घेण्याची मुभा आहे. शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या क्रूसयात्रेतील प्रसंगांपुढे केली जाणारी प्रार्थना) व क्रूसवंदन होते. गर्दीमुळे बऱ्याच ठिकाणी विधी पटांगणात करावे लागतात. शनिवारचा जागरणविधी पूर्वी सकाळीच उरकत. १९५५ च्या सुधारणेने, म्हणजे प्रत्यक्षात १९५६ पासून, तो रात्री गेला. आवारात नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, चालू सालाचे आकडे व धुपाचे पाच खडे असतात. अंधाऱ्या चर्चमध्ये तिच्यावरून प्रत्येकाची मेणबत्ती पेटत जाते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातील मूळच्या मराठीभाषक कॅथलिक, घरांत ईस्टरला फुगे (तळलेले गोळे), सोरपोतेल व इंद्याल (मांसाचे आंबट-तिखट पदार्थ) हा बेत. मार्झिपानची (बदाम किंवा काजूच्या गोड पिठाची) अंडी बेकरीतून येतात.

प्रॉटेस्टंटांमध्ये चित्र वेगळे. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे व पुढे आलेल्या स्कॉटिश मिशनचे मूळ ज्या परंपरांत होते, त्यांना ठरीव उपवास व सण मान्य नव्हते. त्यांच्या मंडळ्यांत उपवासकाळ रुळला तो अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) मंडळ्यांच्या सहवासाने आणि १९७० च्या उत्तर भारतीय चर्चच्या एकीकरणानंतर, असे दिसते. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने आणि ईस्टरला पहाटेची उपासना, ही त्यांची आजची मुख्य अंगे होत.